भिंतीवरची वावरं

इंद्रभान गुरुजींनी चौथीच्या वर्गाला महिनाभर कापूस हा एकच विषय शिकवला, आणि गावाला पहिला संशय तिथेच आला. बासष्ट सालची दिवाळी होऊन गेली होती. वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या त्या गावात पोरं बोंडं मोजत हिंडायची. एका झाडाला किती, एकरी किती मण, हे गणित. वेचणीच्या बायांची गाणी उतरवून आणायची, ही भाषा. काडेपेटीतली अळी म्हणजे विज्ञान. खामगावच्या बाजारातून निघालेली कापसाची गाठ कोणत्या बंदराला लागते, हा भूगोल. कापूस आपल्याच मातीत पिकतो असं पोरांना वाटू नये म्हणून गुरुजींनी इजिप्तमधल्या एका शाळेला, तुमची वावरं कशी दिसतात असं विचारणारं, इंग्रजीत पत्रही धाडलं होतं.

सीमेवर लढाई चालू होती आणि मास्तर परदेशात पत्र धाडत होता. शिवाय हद्दीपेक्षा जादा जमीन काढून घेणारा सिलिंगचा कायदा नुकताच आला होता. कोणाचं किती वावर, हे विचारणारा माणूस कोणालाच आवडत नव्हता. गुरुजींचं घर सहा वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि पाणी वरून ओती.

मग पोरांनी शाळेच्या भिंतीवर गावचा नकाशा काढला. ज्याने त्याने आपलं वावर आपल्या रंगाने भरायचं. कोणी गेरू आणला, कोणी नीळ. उत्तमराव पाटलांच्या कोकिळेने हळद कालवली आणि नाल्यापासून टेकडीपर्यंत सगळं पिवळं केलं. मधल्या दोन तुकड्यांवर गुरुजींनी बोट ठेवलं. हे तर तुमच्या तुळशीराम गड्याच्या नावावर आहेत ना, असं त्यांनी विचारलं.

"नाव त्याचं हाय," कोकिळा म्हणाली, "पन कापूस आमच्याच घरी येते."

गुरुजींनी बोट उचललं. पुसायला सांगावं असं त्यांना वाटलंही. पण पोरीने खरं ते रंगवलं होतं.

चौथ्या दिवशी उत्तमराव शाळेत आले. हात मागे बांधून बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. त्यांनी गुरुजींना बाहेर लिंबाखाली बोलावलं.

"तहसीलातून कोनं पाठवलं तुमाले?"

कोणीच पाठवलेलं नाही, हा कापसाचा धडा आहे, असं गुरुजींनी शांतपणे सांगितलं. उत्तमराव हसले. नकाशात पोरं नसतात, तलाठी असतात, असं काहीसं बोलले. मग आवाज खाली आला.

"ते पिवळं कोनं केलं? आमच्या पोरीनं?"

कोकिळेला पाचवीसाठी वरवटला धाडायला उत्तमरावांना राजी करण्यात गुरुजींची दोन वर्षं गेली होती. होकार जेमतेम मिळाला होता, आणि घरचं बाहेर बोलणारी पोर दुसऱ्या दिवशी शाळेत दिसणार नव्हती. दारातून ती इकडेच पाहत होती. नखांत अजून हळद होती.

"मी केलं," गुरुजी म्हणाले.

"मंग ते दोन तुकडे आमचे, हे सांगतलं कोनं?"

"ऐकलं होतं गावात."

उत्तमरावांनी मान हलवली. संशय खरा ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दुपारी त्यांनी स्वतः उभं राहून भिंतीला चुना मारून घेतला. चुन्याची बादली कोकिळेनेच आणून दिली. आठवडाभरात बदलीचा कागद आला. मेहकरच्या बाजूचं गाव होतं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोपाला कोणी आलं नाही. मास्तर सरकारचा माणूस निघाला, हे एव्हाना पारावर ठरून गेलं होतं.

पुढच्या पेरणीच्या दिवसांत इजिप्तहून जाड पाकीट आलं. वर्ग चौथा, एवढाच पत्ता आणि गावाचं नाव. पोस्टमनने ते पाटलांकडे दिलं. उत्तमरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटी फोडलं. आत कापसाचं लांब धाग्याचं एक बोंड होतं आणि कोण्या मुलीने काढलेलं चित्र. निळी नदी, काठाने वावरांचे चौकोन. एका पिवळ्या चौकोनात, हे माझं म्हणावं तसा छातीवर हात ठेवून, एक मुलगी उभी होती.

कोकिळा वरवटच्या शाळेतून नुकतीच परतली होती. दप्तर खांद्यावरच होतं. उत्तमरावांनी चित्र तिच्यापुढे धरलं.

"हे वावर कोनाचं होय वं?"

कोकिळेने चित्रातल्या मुलीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मले नाही माहीत, बाबा."