अकोल्याच्या हातून पळवलेला गडी

काल सुनेने माझ्या गुडघ्याला हळदीचा लेप लावला आणि त्या वासाने मला अमरावतीच्या वसतिगृहातला नामदेव आठवला. अकोटचा हा हुतूतूचा गडी अकोल्याच्या कॉलेजलाही हवा होता. फुकट खोली कबूल करून मीच, संघाच्या कप्तानाने, त्याला आमच्याकडे पळवलं. महिन्याभरात सरावातच त्याचा गुडघा मोडला. खोली सोडायचा खेळाच्या सरांचा निरोप घेऊन मी गेलो, तेव्हा तो लेप लावलेला पाय धरून बसला होता.

“आता अकोल्यावाले मले घेतील काय?” त्याने विचारलं.

“लंगड्याले कोन घेते?” मी म्हणालो. दारातले आमचे गडी खदाखदा हसले. नामदेवही हसला आणि हसतहसतच ट्रंक भरू लागला.

त्याने मनावर घेतलं नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.