उपग्रहासाठी सोडलेली बांधी

मी शिकले ते बाबांच्या हट्टामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पवनीहून नागपूरला गेले, मातीच्या विषयात एमएस्सी केली आणि तिथल्या सरांनी मला त्यांच्या प्रकल्पावर घेतलं. त्यांचे उपकार मी आजही मानते.

काम असं होतं. मातीत कुजलेला पाला, शेण, मुळं यांचा जो अंश असतो, तो उपग्रहाच्या चित्रावरून ओळखायचा. हा अंश जास्त असला की माती काळपट दिसते, उन्हाचा प्रकाश कमी परतवते. काही ठिकाणची माती प्रयोगशाळेत तपासायची, त्याच जागेवरून परतलेला प्रकाश चित्रात मोजायचा. दोन्हींचा मेळ बसला की जिथे कोणी गेलंच नाही, तिथल्या मातीचाही अंदाज सांगता येतो. अट एकच, माती उघडी पाहिजे. वर हिरवं असलं की उपग्रहाला पीक दिसतं, माती नाही.

आमच्या पवनीच्या बाजूला, आसगावकडच्या भागात माती उघडी सापडत नाही. धान कापायच्या आधीच, बांधीत म्हणजे भाताच्या खाचरात ओल असताना, उभ्या धानात लाखोरी डाळीचं बी फेकतात. धान घरी येतं तोवर खाली लाखोरी उगवलेली असते. ती निघाली की धसकटं जाळतात, आणि राखेनं काळी झालेली माती चित्रात कसदार दिसते. अशी गावं नकाशात करड्या रंगात सोडायची, म्हणजे माहिती नाही. ज्या गावांची माती हलकी निघेल त्यांना हिरवळीच्या खताचं बियाणं आधी द्यायचं, असं प्रकल्पाच्या बैठकीत ठरत होतं. करड्या गावांचं काय, हे कोणी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी घरी गेले तेव्हा मी हे बाबांना सांगितलं.

"मंग आपलं गाव दिसनच नाई?"

"लाखोरी हाये तंवर नाई दिसत, बाबा."

बाबा म्हणाले, "एक बांधी सोडू का?"

चुलीजवळून आई म्हणाली, "सोडा न. उपग्रह जेवाले येऊन राहिला, आपण उपाशी राहू."

पण बाबांनी एक बांधी सोडलीच, तिच्यात लाखोरी फेकली नाही. धान कापल्यावर धसकटं उपटून ती नांगरून ठेवली. शेजारच्या बांध्या बाबांच्या चुलतभावाच्या. हे काका धुऱ्यावर, मधल्या बांधावर, उभे राहून हसायचे.

"काहून गा, बी सरलं का यंदा?"

"पोरीचा उपग्रह पायनार हाये."

"त्याले म्हणा, खाली उतर, चहा घेऊन जा."

मी त्या बांधीतली माती पिशवीत भरून नेली. आभाळ स्वच्छ असतानाचं चित्रही मिळालं, पण त्यात आमची बांधी नव्हती. त्या चित्रातला एक ठिपका आमच्या बांधीएवढाच. तो नेमका बांधीवर बसत नाही, थोडा धुरा आणि थोडी काकांची लाखोरीही त्यात येते. सगळं मिसळून हिरवटच दिसत होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, पंगतीत जेवण कमी पडल्यासारखा. "लहान पडली म्हणते? मंग केवढी पायजे होती?"

तीन-चार बांध्या लागून असत्या तर दिसली असती, मी म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात प्रकल्प संपला. नकाशा छापला गेला. त्यात आमचा भाग करडाच होता. सर म्हणाले, निधी नाही, माझ्या हातात काही नाही. ते खरंच होतं. त्यांनी मला चांगलं प्रमाणपत्र दिलं. आता मी भंडाऱ्यात एका खाजगी क्लासमध्ये विज्ञान शिकवते.

काम गेल्याचं मी घरी सांगितलं होतं. पण काम गेलं म्हणजे उपग्रह थोडाच गेला, असं बाबांनी धरलं. दिवाळीनंतर घरी गेले तर आमच्या दोन आणि काकांच्या दोन, अशा चार लागून बांध्या नांगरलेल्या. चारही बाजूंना लाखोरीची हिरवळ आणि मधे ती फिकट माती. बाबांनी मला न सांगता काकांना तयार केलं होतं. काकू अंगणातूनच म्हणाली, "पाय व बाई, यंदा मोठी केली. वडे करासाठीबी लाखोरी उरन का नाई, पण आता तरी दिसन न?"

मी मोबाइलवर चित्र शोधलं. ती चित्रं कोणालाही पाहता येतात. हिरव्यात एक तपकिरी तुकडा स्पष्ट उमटला होता.

"हे आपलं?" बाबांनी बोट ठेवलं. त्यांच्या बोटाखाली तो झाकून गेला.

"हो."

"मंग सांग, माती कशी हाये?"

मी त्यांना सांगितलं. प्रकाशावरून माती ओळखायचा हिशेब ऑफिसच्या संगणकात आहे आणि तिथे मी आता नाही. प्रयोगशाळेत माती घेणारं कोणी नाही. नकाशा छापून झाला, तो पुन्हा होणार नाही.

"म्हणजे दिसली, तरी..."

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बांध्यांत लाखोरी फेकून पाहिली. ओल केव्हाच गेली होती. थोडी उगवली, तीही वाळली.

लाखोरी निघाल्यावर आमच्या बाकीच्या बांध्यांतली अर्धी रास बाबांनी पोत्यात भरली आणि डोक्यावर घेऊन काकांकडे गेले. मी मागे होते. काकू म्हणाली, "ठेवा तिथं." काका खाटेवर बसले होते. मला वाटलं, आता उपग्रहावरून काहीतरी बोलतील, निदान चहाचं तरी. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना बसायला जागा करून दिली. थट्टा केली नाही.