कंबरेची पिशवी

केशवापुरातली आमची शेजारीण काटकुळी आणि जिभेची तिखट. शेंगदाणा तिला विषासारखा, म्हणून पेनासारखं परदेशी इंजेक्शन ती कंबरेच्या पिशवीत बाळगते. न वापरताच त्याची मुदत संपते आणि पुन्हा महागाचं नवं घ्यावं लागतं.

"अक्का, यंदाही पैसे कचऱ्यात?" बायका चिडवायच्या.

"जिवंत आहे ना मी? मग वसूल झाले."

परवा शुक्रवारच्या हळदीकुंकवाला तिनं विचारलं, "कोशिंबिरीत शेंगा आहेत?" यजमानीण म्हणाली, "छे!" आमच्याकडे शेंगदाण्यांना शेंगा म्हणतात, पण त्यांच्या कुटाला कुणी शेंगा समजतच नाही. एका घासात तिचे ओठ सुजले, श्वास अडकला. आम्ही नुसत्या ओरडत होतो. तिनं साडीवरूनच मांडीत इंजेक्शन खुपसलं आणि खुणेनं रिक्षा मागवली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो, तर बाई खाटेवर ऐटीत बसलेली. रडणाऱ्या यजमानणीला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी बिनकुटाची कोशिंबीर कर. नवं इंजेक्शन घेऊन मी येतेच."