'पोचला' म्हणायची घाई

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्या प्रोग्रामकडे नेणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्यांची कंपनी बनवायची, आणि ती वापरताना अडलेल्या डेव्हलपरांना वाट दाखवणं हे मास्तरांचं काम. या जमातीला सोबतची माहिती वाचायची म्हटलं की कंटाळा येतो. नमुन्याचा कोड दिसला की उचलायचा, चिकटवायचा, आणि मग घोडं कुठे पेंड खातंय ते मास्तरांना विचारायचं.

तो नमुना नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनीच लिहिला होता. नवख्यांना सोपं जावं म्हणून त्यात निरोप हातात पडताक्षणीच घेणाऱ्या प्रोग्रामने 'पोचला' म्हणावं असं टाकलं होतं. खरं तर काम उरकल्यावर म्हणायचं, पण ते खाली बारीक अक्षरांत.

एका दुपारी एका डेव्हलपर बाईंचा फोन आला. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं, त्याची यंत्रणा त्या सांभाळायच्या.

"सर, सकाळी आमचा प्रोग्राम बंद पडला. त्याआधी सात निरोप त्याच्या हातात दिलेले दिसतायत, पुढे काहीच नाही. तुमच्याकडे कॉपी असेल ना?"

"'पोचला' म्हटलं की निरोप पुसला जातो, बाई."

"निदान कोणाचे होते ते?"

"नुसता आकडा उरतो."

"पण मी तुमचा नमुना जसाच्या तसा घेतला होता."

"माझाच आहे तो," मास्तर म्हणाले. कबूल करून कोणाचं काय भलं होणार होतं? त्यांना स्वतःची लाज वाटली.

बटणवाली घरं चार हजार. बाईंचं सगळं ऑफिस फोनला बसलं. मास्तरांना राहवेना, त्यांनीही यादीतला एक तुकडा मागून घेतला. संध्याकाळपर्यंत सहा जण सापडले. कोणी चुकून दाबलं होतं, कोणाला शेजाऱ्यांनी उचलून खुर्चीत बसवलं होतं. सातवं घर मास्तरांच्याच वाट्याला आलं.

"आजी, सकाळी तुम्ही बटण दाबलं होतं का?"

"दाबलं ना. ह्यांना धाप लागली होती. लगेच हिरवा दिवा लागला, निरोप पोचला म्हणून. मी शेजारच्यांना हाक मारणार होते, पण म्हटलं, आता कशाला, येतीलच."

"आता कसे आहेत ते?"

"गेले." मग आजींनी विचारलं, "तुम्ही लोक निघाला तर होतात ना?"