सगळ्यांना अकरा

देडतलाईजवळच्या उपकेंद्रावर मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा रक्त तपासायच्या पट्ट्या संपून तीन आठवडे झाले होते. बुऱ्हाणपूरहून आमच्या ब्लॉकचे, म्हणजे तालुक्याचे, साहेब जीपने तपासणीला आले. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात बडीशेप. गरोदर बायांच्या वहीत हिमोग्लोबिनचा रकाना रिकामा पाहून असे दचकले, जणू पानातून विंचू निघाला.

"हे कोरं कसं?"

"सर, पट्ट्याच नाहीत."

"तो क्या हुआ? अंदाज नहीं है क्या? अकरा लिहा सगळ्यांना. अपना ब्लॉक नीचे नहीं दिखना चाहिए."

या माणसाला बाया दिसतच नव्हत्या, फक्त ब्लॉक दिसत होता. मी मनात शिव्या दिल्या आणि हाताने अकरा लिहिलं. नोकरी पक्की व्हायची होती. माझा कणाही तेवढाच कच्चा.

त्यात एक सातव्या महिन्याची सून होती. घरची केळीची बाग, कामाला हीच. नखं पांढरी फटक. म्हणाली, "सिस्टर, घड उचलला की डोळ्यापुढे अंधारी येते."

सोबत आलेल्या सासूने विचारलं, "वहीत काय निघालं?"

"अकरा," मी म्हटलं. "चांगलं आहे."

सासू सुनेकडे वळली. "ऐकलं? नखरे आहेत सारे."

मी गोळ्या दिल्या, पालेभाजी खा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घड वाहायला गेली.

पंधरा दिवसांत ती बागेतच कोसळली. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बुऱ्हाणपूरला गेले. तिथे आकडा निघाला साडेपाच. डॉक्टरीणबाईंनी तिचं तपासणीचं कार्ड पाहिलं, त्यावरही अकराच होतं. "ये ग्यारह किसने लिखा?"

"मी," म्हटलं. साहेबांचं नाव घ्यायचीही हिंमत झाली नाही.

एक बाटली रक्त तिच्या भावाने दिलं, एक मी. त्यात कसला मोठेपणा? मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची, पण दोघी जगल्या. साहेबांना कळवलं तर फोनवर म्हणाले, "दोनों ठीक हैं ना? मग वहीत अकराच राहू द्या." पुढच्या बैठकीत ब्लॉकच्या कामगिरीबद्दल त्यांना शाल मिळाली. त्यांनी मातृशक्तीवर भाषण ठोकलं, आणि तिथे बसलेल्या आम्हा नर्सांनी टाळ्या वाजवल्या. मेंढरं बरी.

त्या संध्याकाळी मी वहीतलं तिचं अकरा खोडून साडेपाच लिहिलं आणि तिच्या घरी गेले. सासूला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती चुलीपुढून उठलीही नाही. एवढंच म्हणाली, "मी पोरीला नखरेल म्हटलं ना, तुमच्या भरवशावर."

आता ती नातीला डोस द्यायला थेट बुऱ्हाणपूरला नेते. बस आमच्या उपकेंद्रासमोरूनच जाते, पण ती इथे उतरत नाही. बरोबर करते.