झैतूनची डिलिव्हरी

दुबईत देरा भागातल्या आमच्या कार्गो ऑफिसात टेबलं सहा आणि किस्से सहाशे. कुणी मुद्दाम जमवत नाही. दुपारी डबे उघडले की एक जण सुरू होतो, दुसरा त्यात तिखटमीठ घालतो, आणि महिन्याभरात ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यालाच तो ओळखू येत नाही. यंदा कंटेनर आणि कस्टम सगळं मागे पडलं आणि एकाच कुत्रीचे किस्से चालू आहेत. कुत्री माझी. म्हणून म्हटलं, खरं काय घडलं ते मीच सांगून टाकावं.

कुत्रीचं नाव झैतून. झैतून म्हणजे ऑलिव्ह. ती बैरूतची. एका संस्थेने तिला रस्त्यावरून उचलून आणलं होतं.

*

कुत्री हवी होती माझ्या मुलीला, रियाला. वय पंधरा, जन्म दुबईचा, स्वभाव अबोल. शाळेतून आली की खोलीत आणि दार बंद. आम्ही मूळचे वसईचे, मोठ्याने बोलल्याशिवाय आम्हाला जेवण पचत नाही. ही कुणावर गेली, देव जाणे.

तिने संस्थेच्या पानावरचा एक फोटो मला दाखवला. फोटोत कुत्री नव्हतीच. एक खुर्ची होती आणि खुर्चीखाली दोन कान.

"डॅड, आय वॉन्ट दिस वन."

फॉर्म आठ पानी! तो झाल्यावर व्हिडिओ कॉलवर मुलाखत. संस्थेचं दुबईतलं काम नादिया नावाची लेबनीज बाई बघते. घर भाड्याचं का, मालकाची परवानगी आहे का, दिवसा घरी कोण असतं, घरात कुणी तापट आहे का. या शेवटच्या प्रश्नाला माझ्या बायकोने, फ्लोरीने, सरळ माझ्याकडे बघितलं.

कॉल संपल्यावर म्हणाली, "टोनी, मला देताना माझ्या पप्पांनी तुला यातलं अर्धंसुद्धा विचारलं नव्हतं!"

फॉर्ममधल्या 'हाच कुत्रा का हवा?' या रकान्यात मी ऑफिसच्या सवयीने 'काइंडली कन्सिडर' लिहून ठेवलं होतं. रियाने ते खोडून इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: ती आमच्याकडे घाबरून राहिली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी होकार आला. अट एकच. सहा आठवड्यांत झैतून लपणं सोडून आपणहून माणसांजवळ आली, तर ती आमची. नाही आली तर रास अल खैमाला एक जोडपं वाट बघतंय, त्यांच्याकडे अंगण आहे, दोन शांत कुत्रे आहेत, तिला तिकडे पाठवायचं. रियाने सही केली.

*

कागदपत्रं आमच्या सावंतने केली. सावंत मालवणचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, वीस वर्षं बिलं टाइप करतोय. आमच्या धंद्यात सीलबंद पेटी आपण उघडून बघितलेली नसते. म्हणून आत काय आहे ते लिहिताना आधी 'सेड टू कंटेन' असं घालतात, म्हणजे पाठवणारा म्हणतो की आत हे आहे, आमची जबाबदारी नाही. सावंतचा हात तिथे आपोआप चालतो.

त्याने लिहिलं, 'सेड टू कंटेन: एक कुत्रा.'

नादियाचा फोन आला. "व्हॉट इज धिस? तुम्हाला माझ्यावर संशय आहे?"

"नो मॅडम," सावंत शांतपणे म्हणाला. "पण कुत्रा मी बघितलेला नाही. फोटोत खुर्ची आहे!"

*

विमान आलं त्या दिवशी सावंत माझ्याबरोबर कार्गो टर्मिनलला आला होता. मी काउंटरवर सह्या करत होतो. तो पुढे जाऊन पिंजऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारून आला आणि तिथूनच ओरडला, "टोनी, पेटी रिकामी! शॉर्ट लँडेड!"

शॉर्ट लँडेड म्हणजे कागदावर माल आहे पण विमानातून उतरलाच नाही. रियाला काय सांगायचं? तोवर सावंतने तिथल्या तिथे एअरलाइनला मेल ठोकलासुद्धा, सीसीमध्ये आमचे साहेब, कुरियन सर. कुरियन सर केरळचे, मेलला दोन मिनिटांत उत्तर देतात.

'लास्ट स्टेशनला ट्रेस करा,' त्यांचं उत्तर आलं.

एवढ्यात पिंजऱ्यातलं ब्लँकेट शिंकलं.

*

अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पिंजरा उघडल्यावर झैतून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. वाटी सरकवून ठेवायची, आम्ही झोपल्यावर ती रिकामी व्हायची. मशीन लावलं तर बिचारी थरथर कापेल, म्हणून फ्लोरीने मशीन बंद ठेवलं.

पाचव्या दिवशी कुरियन सर म्हणाले, "टोनी, सेम शर्ट?"

मी खरं ते सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. ऑफिसात ठरलं की टोनीचं मशीन बिघडलंय आणि लाजेने तो कुत्रीचं नाव पुढे करतोय. संध्याकाळी दारात एक पठाण मेकॅनिक हजर, टूलबॉक्ससकट. कुरियन सरांनी पाठवलेला!

त्याने मशीन पुढून बघितलं. मग वाकून मागे बघितलं. बराच वेळ वाकून होता.

"मशीन ठीक है साहब," तो उठत म्हणाला. "कुत्ता भी ठीक है. आपको क्या तकलीफ है?"

*

लिफ्टला झैतून घाबरायची, जिन्यालाही घाबरायची. मग पहाटे ऊन चढायच्या आत मी तिला ब्लँकेटात गुंडाळून चार मजले उतरवायचो आणि चार मजले चढवायचो. वजन अठरा किलो. ती डोळे मिटून घ्यायची, मलाही मिटावेसे वाटायचे.

तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका रोज भेटायचे. एक दिवस न राहवून त्यांनी विचारलं, "बीमार है क्या?"

"नहीं काका, शरमाती है."

काकांनी विचार केला. "मेरी मिसेस को मत बताना. वो भी शरमाने लगेगी."

*

नादियाच्या सूचना कडक होत्या. कुत्रीकडे बघायचं नाही, तिच्यावर वाकायचं नाही, लाडात बोलायचं नाही. आमच्या फ्लोरीला हे जमणार कसं? घरात जीव आलाय आणि त्याला जेवलास का विचारायचं नाही? ती मशीनकडे पाठ करून, कांदा चिरत, भिंतीला विचारायची, "जेवलीस का गं?"

चौथ्या आठवड्यात अख्खं ऑफिस कुत्री बघायला आलं. बिर्याणी घेऊन. फ्लोरीने सगळ्यांना स्वयंपाकघरात स्टुलांवर बसवलं, तोंडं फ्रिजकडे करून. पाच माणसं अर्धा तास फ्रिजकडे बघत बिर्याणी खात होती. मागे हूं नाही की चूं नाही.

शेवटी कुरियन सर फ्रिजला म्हणाले, "व्हेरी नाइस डॉग."

जिना उतरताना सावंतने मला बाजूला घेतलं. "टोनी, मी ऑफिसात कुणाला सांगणार नाही. पण आहे ना रे?"

*

सहावा आठवडा संपला त्या शनिवारी नादिया आली. रास अल खैमाचं जोडपंही आलं होतं. बरी माणसं. आम्हाला अवघडायला नको म्हणून खाली गाडीतच थांबली होती, डिकीत पिंजरा ठेवून.

नादिया हॉलमध्ये बसली. अर्धा तास, पाऊण तास. झैतून मशीनमागे. रिया दोन दिवस जेवली नव्हती. मी एवढी वर्षं लोकांचा माल सोडवतोय, कधी कुणासाठी हात जोडले नाहीत. त्या दिवशी त्या बाईला हात जोडून म्हणावंसं वाटलं, आणखी एक महिना द्या. धीर झाला नाही.

"रिया, हबीबती," नादिया म्हणाली, "तुझी काही चूक नाही. तिथे तिला कुत्र्यांची सोबत मिळेल."

"आय नो," रिया म्हणाली. "शी शुड नॉट बी अलोन." आणि परतीच्या कागदावर सही करायला तिने पेन उचललं.

तेवढ्यात सात वाजले. आमच्या घरी सातला रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ. घरात पाहुणा असो, ताप असो, बाहेर काहीही असो, सातला माळ हातात घ्यायची. फ्लोरीच्या माहेरचा शिरस्ता, लग्नापासून एक दिवस चुकलेला नाही.

"खलास," फ्लोरी डोळे पुसत म्हणाली. "सही नंतर. आधी प्रार्थना."

हॉलमध्ये आमचा छोटा आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा, आहे, स्वयंपाकघराच्या बरोबर विरुद्ध भिंतीला. आम्ही तिघं त्याच्यापुढे जमिनीवर बसलो, स्वयंपाकघराकडे पाठ करून. इतके दिवस रिया आपल्या खोलीतूनच प्रार्थनेची उत्तरं द्यायची, परीक्षा आहे म्हणायची. त्या दिवशी आमच्यात येऊन बसली. नादियाही सभ्यपणे आमच्या ओळीत येऊन बसली. फ्लोरी मराठीत 'नमो मरिये' म्हणायची, रिया इंग्रजीत उत्तर द्यायची. एकच संथ सूर, वर नाही, खाली नाही. माळेत पाच रहस्यं, वारानुसार वेगळी, आणि एकेका रहस्याला दहा मणी.

दुसऱ्या रहस्याच्या मध्यावर लादीवर नखं वाजली.

कुणी मान वळवली नाही. टक, टक, आणि थांबली. पुन्हा टक, टक. मग रियाचं उत्तर अर्ध्यात अडकलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. झैतून तिच्या मांडीला पाठ टेकून आडवी झाली होती. रियाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हलत नव्हती. फ्लोरीने सूर न बदलता तिचं उत्तरही स्वतःच म्हटलं.

पाचही रहस्यं झाली. थांबलो तर झैतून उठेल, म्हणून फ्लोरीने लितानी, म्हणजे मरियेची लांबलचक नामावळी, घेतली. लितानी संपली, तिने आदल्या दिवशीची रहस्यं घेतली. ती संपली, उद्याची घेतली. माझे पाय मुंग्यांनी भरले होते. आठ वाजून गेले.

नादियाचा फोन थरथरला. खालून त्या जोडप्याचा. तिने तो हळूच कानाला लावला. झैतूनचा कान हलला. नादियाने एक क्षण आल्तारकडे बघितलं आणि आमच्याच सुरात, वर नाही, खाली नाही, माळेचा पुढचा मणी ओढावा तशी फोनवर म्हणाली, "यल्ला, गो होम. शी इज अॅट प्रेयर."