चांगली टेप पाहुण्यांची

आमच्या घरी काचेच्या कपाटातले कप पाहुण्यांसाठी असत. आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायचो. लालबागच्या चाळीत घरोघरी हीच रीत होती. मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायला लागलो तेव्हा टेपच्या बाबतीतही मी तीच पाळली.

गिऱ्हाइकांसाठी प्रोफेशनल कॅमेरा आणि प्रोफेशनल टेप. त्यात टेप भरभर पळते, साठ मिनिटांच्या जागी चाळीसच मिनिटं बसतात, पण बसतात ती पक्की. घरच्यांसाठी छोटा कॅमेरा आणि दोनदा वापरून झालेली साधी मिनी डीव्ही कॅसेट. तीही एलपीवर, म्हणजे टेप हळू चालवून साठ मिनिटांत नव्वद कोंबलेली. असं कोंबलेलं दुसऱ्या मशीनवर चालेलच याचा भरवसा नसतो, हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या शहाणपणाने सांगायचो. बहिणीच्या लग्नात मात्र आई म्हणाली, घरचंच कार्य आहे, साधी टेप घाल. मी घातली.

यंदा आई गेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर शेवटची बरीच वर्षं ती बोललीच नव्हती, त्यामुळे कुणाच्याच मोबाइलमध्ये तिचा आवाज नाही. तेरावं झाल्यावर बहिणीचा फोन आला. फोटो नकोत, तिला आवाज हवा होता. तिच्या लग्नाच्या टेपमध्ये असेल, म्हणाली. मी हो म्हटलं. हल्ली चिंचपोकळीला माझं दुकान आहे आणि लोकांच्या जुन्या टेप पेनड्राइव्हवर घालून देणं हाच माझा धंदा आहे. घरची टेप तेवढी तशीच पडून होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ज्या कॅमेऱ्यावर ते लग्न घेतलं तो कधीच भंगारात गेला होता. दुकानातल्या मशीनवर टेप लावली, तर पडद्यावर नुसते चौकोन. आईचा चेहरा येतो न येतो तोच फुटायचा. आवाज खट्खट करून बंद. मशीनचं टेप वाचणारं हेड साफ केलं, ओळखीच्या दोघांकडच्या मशीनवर लावून पाहिली. सगळीकडे तेच. मला रडू आलं नाही, राग आला नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच थोडी भीती वाटली.

मग आठवलं, त्याच हंगामात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न मी परळच्या हॉलमध्ये शूट केलं होतं. त्या टेप माझ्याकडेच होत्या. त्यातली एक लावली. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही. खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत आई बसली होती. मी कॅमेरा तिच्यावर नेला होता. तिने हाताने मला बाजूला व्हायची खूण केली.

"अरे, माझ्यार टेप कित्याक फुकट घालवतंस? नवरीक घे."

आणि मी कॅमेरा फिरवला होता. नवरी इतकी स्वच्छ दिसत होती की शालूच्या जरीच्या तारा मोजता आल्या असत्या.

तेवढा तुकडा कापून बहिणीला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"याच्यापुढे काय आहे?" तिने विचारलं.

"पुढे नवरी आहे," मी म्हटलं. "टेप संपेपर्यंत."